हापूसची पेटी, कॅनव्हा आणि तो लालबुंद आंबा

आधी परिस्थिती सांगतो. माझ्या काकांची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत. बाग फार मोठी नाही, घरची माणसं आणि हंगामात दोन-तीन गडी एवढ्यावर सगळं चालतं. इतकी वर्षं माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा, मग दलालाकडून पट्टी (म्हणजे विक्रीचा हिशोब) यायची आणि हमाली, भाडं वगैरे वजा होऊन पट्टीत उरलेला आकडा बघून काका दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत. २०२५ च्या हंगामात ठरलं की निम्मा माल तरी पुण्यात थेट गिऱ्हाइकाला द्यायचा. पुण्यात मी असतो, आयटीत आहे, म्हणून घरच्यांच्या मते "कंप्युटरचं सगळं" मला येतं. त्यामुळे पेटीवरचं लेबल, सोसायट्यांमधे वाटायचं पँफ्लेट, व्हॉट्सॲपवर टाकायच्या पोस्ट हे सगळं माझ्या गळ्यात आलं. डिझायनरला द्यायला पैसे नव्हते, छपाईसकट पाच-सहा हजारात बसवायचं होतं.

म्हणून कॅनव्हा. फुकटवालं अकाउंट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हे ऑस्ट्रेलियातलं टूल आहे. मेलनी पर्किन्स आणि क्लिफ ओब्रेक्ट या जोडीने आधी २००७ मधे पर्थला शाळांची इयरबुकं ऑनलाइन बनवायचं सॉफ्टवेअर काढलं, त्यातून पुढे २०१३ मधे कॅमरन ॲडम्सला सोबत घेऊन कॅनव्हा सुरू झालं. तयार टेंप्लेट उचला, मजकूर बदला, फोटो बदला, डाउनलोड करा. ज्याला फोटोशॉप उघडलं की घाम फुटतो त्याच्यासाठीच बनवलेलं आहे, म्हणजे माझ्यासाठी.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी बसलो आणि दोन तासात पँफ्लेट तयार. खरं सांगतो, बघून स्वतःवरच खूष झालो. मागे हिरवी पानं, मधे कापलेला आंबा, कोपऱ्यात सोनेरी गोल बिल्ला, वर इंग्रजीत "फ्रेश फ्रॉम फार्म". फॅमिली ग्रुपवर टाकलं. आत्याने लगेच हात जोडलेले आणि फुलं पाठवली, चुलतभावाने "भारीच" लिहिलं. काकांचा तासाभराने फोन आला.

"ह्यो आंबो खंयचो रे? आपलो न्हय ह्यो."

मी फोटो झूम करून बघितला. आंबा लालबुंद होता, एका गालावर हिरवट, गोल गरगरीत. मी इंग्रजीत "मँगो" शोधलं होतं आणि जो सगळ्यात चकचकीत दिसला तो उचलला होता. नंतर कळलं की हा बहुतेक टॉमी अॅटकिन्स जातीचा असावा, मूळ फ्लोरिडातली जात, अमेरिका-युरोपातल्या सुपरमार्केटमधे जास्त करून हाच विकला जातो, प्रवासात टिकतो आणि दिसतो झकास. जगाला आंबा म्हटलं की तोच डोळ्यासमोर येतो, त्यामुळे स्टॉक फोटोंमधेही त्याचीच गर्दी. पिकलेला हापूस केशरी-पिवळा, देठाजवळ खांदा भरलेला, आकाराने लांबट, आणि कातडीवर थोडेफार डाग असतातच. ज्याला हापूसला दीडपट पैसे मोजायचेत तो माणूस आंबा ओळखतो हो! त्याला लाल आंब्याचं चित्र दाखवून "अस्सल देवगड" म्हणायचं म्हणजे आपणच आपल्याबद्दल संशय निर्माण करायचा, आणि तेही अशा धंद्यात जिथे परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकतात ही तक्रार दर वर्षी असते.

मग काकांनी बिल्ला पकडला. टेंप्लेटमधे तो आयता होता, मी फक्त त्यातली अक्षरं मराठीत केली होती, "१००% ऑरगॅनिक, सर्टिफाइड". काका म्हणाले सर्टिफिकेट कोणी दिल्यान? तुडतुड्याला (ही कीड) आणि भुरीला (ही बुरशी) फवारणी करावीच लागते, मोहोर वाचवायचा असेल तर दुसरा उपाय नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे, बागेत तो वास घेत मोठा झालोय, तरी मी ऑरगॅनिक लिहून मोकळा झालो होतो कारण त्या जागी काहीतरी गोल आणि सोनेरी छान दिसत होतं. सर्टिफाइड ऑरगॅनिक असं लेबलवर लिहायला रीतसर प्रमाणपत्र लागतं, ते नसताना लिहिणं म्हणजे फसवणूकच. जीआयचंही तसंच. हापूसला २०१८ मधे हे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पट्ट्यासाठी, पण म्हणून जिल्ह्यात कलम आहे एवढ्यावर कुणीही जीआयचा शिक्का मारावा असं नाही, बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असते. काकांची ती होती, पण कागद कपाटात होता आणि नंबर कुणाला पाठ नव्हता. दोन दिवस शोधाशोध. तो नंबर शेवटी लेबलवर आला आणि बिल्ल्याच्या जागी बसला. सोनेरी नाही, साधा काळा.

फोटोचा प्रश्न ताईने सोडवला, म्हणजे काकांची मुलगी, ती गावातच असते. तिला म्हटलं आढीतल्या (पेंढ्यात पिकत ठेवलेल्या) आंब्यांचे फोटो काढून दे. तिने पहिले पाठवलेले फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले, आंबे हिरवट-निळसर, जणू आजारी पडलेत. मग सांगितलं की सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पडवीत, उन्हात नको, सावलीतच, पण उजेड बाजूने येईल असं बघ. खाली पेंढा, मागे चिऱ्याची भिंत, पाच आंबे, त्यातला एक अजून अर्धवट हिरवा. हाच फोटो सगळ्या हंगामभर वापरला. बॅकग्राउंड काढून टाकायची सोय पैसेवाल्या प्लॅनमधे आहे म्हणून मी आधी हळहळत होतो, पण चिऱ्याची लाल भिंत काढून टाकली असती तर उरलं काय असतं? कोकणातल्या माणसाला ती भिंत बघूनच पटतं.

आता मराठीची गंमत. ही कुणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेंप्लेट बनवणाऱ्याने इंग्रजी अक्षरं डोक्यात ठेवून सगळं बसवलेलं असतं. त्याचा फॉन्ट रोमन लिपीपुरता, मी तिथे "देवगड हापूस" टाइप केलं की अक्षरं येतात, पण ती त्या फॉन्टची नसतात, टूल आपलं कुठलातरी देवनागरी फॉन्ट पर्याय म्हणून दाखवतं. म्हणजे जे देखणेपण बघून टेंप्लेट निवडलं तेच गेलं. बरं, त्यात हेडिंगला अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलेलं होतं. इंग्रजीत ते फार पॉश दिसतं. मराठीत शिरोरेखा तुटते, दे व ग ड असे चार तुकडे, ओळीत दात पडल्यासारखे. ते अंतर शून्यावर आणायचं, ही पहिली गोष्ट. दुसरी, ओळींमधलं अंतर. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर-खाली काही नसतं, म्हणून ओळी एकमेकींना चिकटवलेल्या असतात, आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे "हापूस"चा दीर्घ ऊकार खालच्या ओळीतल्या "थेट"च्या मात्रेत जाऊन अडकला. अंतर वाढवलं तर मजकूर चौकटीबाहेर, मग अक्षर लहान करा, मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दिसत नाही. शेवटी मजकूरच कमी केला. तोच खरा उपाय होता.

फॉन्ट बरेच बघितले. शेवटी हेडिंगला बालू आणि बाकीला मुक्ता घेतला, दोन्ही मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्यांचे, दोन्ही फुकट, जोडाक्षरं नीट. एका दुसऱ्या फॉन्टमधे "कलम"मधला ल हिंदी वळणाचा येत होता, उभी काठी असलेला. मला आधी लक्षातही आलं नव्हतं, आईने बघितलं आणि म्हणाली हे हिंदीवाल्यांकडून करून घेतलंस का. एवढंसं अक्षर, पण वाचणाऱ्याला कुठेतरी खटकतंच.

मजकूर कुठून आणायचा तर काकांकडे मागच्या कुठल्यातरी वर्षीच्या लेबलची फाइल होती. ती उघडून कॉपी करून कॅनव्हात पेस्ट केली तर निव्वळ इंग्रजी अक्षरं, चिन्हं, कंस, असं काहीतरी अगम्य आलं. कारण तो मजकूर युनिकोड यायच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमधे टाइप केलेला, त्यात प्रत्यक्षात साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच, फक्त तो फॉन्ट ती मराठीसारखी दाखवतो. कन्व्हर्टर मिळतात, पण बारा ओळींसाठी कोण भानगड करतो, पुन्हा टाइप केलं.

छापखाना

डोक्यात कल्पना अशी होती की पुठ्ठ्याच्या खोक्यावरच डिझाइन छापून घ्यायचं, पांढऱ्यावर पिवळं-केशरी. खोकेवाल्याने दोन मिनिटात जमिनीवर आणलं. खोकं तपकिरी, त्यावर छापायचं तर एक किंवा दोन रंगात, ब्लॉक वेगळा बनवायचा, त्याचा खर्च वेगळा, आणि कमीत कमी नग इतके की आमची पुढची तीन वर्षं त्यातच गेली असती. शिवाय तपकिरीवर पिवळा दिसतच नाही. म्हणून साधी कोरी खोकी घेतली, एक डझनाची आणि दोन डझनाची, आणि वर स्टिकर लावायचं ठरलं.

लेबल मी ५ बाय ७ इंच बनवलं होतं. का? कारण टेंप्लेट तसं होतं. छापखान्यातले दादा म्हणाले, शीटवर छापायला जागा १२ बाय १८, तुमची चारच बसतात, बाकी कागद फुकट जातोय, पावणेचार बाय पावणेसहा करा, नऊ बसतील. शीटचे पैसे तेवढेच. म्हणजे चाराच्या ऐवजी नऊ लेबलं, निव्वळ माप बदलून! या एका वाक्याने माझ्या दोन शनिवारांपेक्षा जास्त पैसे वाचवले. आता फुकटच्या अकाउंटमधे आयतं साइझ बदलायची सोय नाही, ती प्रोमधे (पैसेवाल्या प्लॅनमधे), पण नव्या मापाचं कोरं पान उघडायचं, जुन्यातलं सगळं सिलेक्ट करून कॉपी करायचं आणि तिकडे पेस्ट करून हाताने बसवायचं, अर्ध्या तासाचं काम.

मग मी पीडीएफ पेनड्राइव्हवर नेली. त्यांनी ती कोरलड्रॉमधे उघडली, कारण आपल्याकडे बहुतेक छापखान्यात सगळं कोरलमधेच चालतं, आणि स्क्रीनवर "हापूस"चा ऊकार एकीकडे, "पिकवलेला"ची वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर. त्यांना नवीन नव्हतं. म्हणाले, ऑनलाइन बनवलेलं असंच येतं, मजकूर अक्षर म्हणून न ठेवता चित्र म्हणून आणा. डाउनलोड करताना पीडीएफ प्रिंट निवडायचं आणि खाली फ्लॅटन म्हणून एक खूण असते ती करायची, मग अक्षरं हलत नाहीत. तिथेच ब्लीडची पण खूण असते, म्हणजे कापताना ब्लेड मिलीमीटरभर इकडेतिकडे गेलं तर पांढरी कड दिसू नये म्हणून मागचा रंग चारी बाजूंनी साधारण ३ मिलीमीटर बाहेर काढून ठेवायचा. ही खूण मी केली होती, शहाणपणा केला होता, पण कडेला एक बारीक पिवळी चौकट ठेवली होती, नाजूक, सुंदर. कापल्यावर ती डावीकडे जाड आणि उजवीकडे गायब. पहिल्या लॉटची ९० लेबलं अशी वाकडी निघाली. चूक कापणाऱ्याची नाही, इतक्या कडेला बारीक रेघ ठेवायचीच नसते.

रंगाचंही सांगायला हवं. स्क्रीनवर जो केशरी पेटलेला दिसतो तो प्रकाशाचा असतो, छपाईत चार शाया, त्यात तो झळाळ येतच नाही, मळकट विटकरी येतो. सीएमवायकेत, म्हणजे याच चार शायांच्या हिशोबात, डाउनलोड करणं प्रोमधे मिळतं, पण त्यानेही चमक परत येत नाही, फक्त काय येणार ते आधी कळतं. मी सोपं केलं, एकच लेबल छापून घेतलं, घरी नेलं, खिडकीत धरून बघितलं, केशरी थोडा पिवळ्याकडे ढकलला, पुन्हा एक छापलं. त्या दोन नमुन्यांनंतर ऑर्डर दिली.

लेबलवर शेवटी काय राहिलं ते सांगतो: देवगड हापूस (मोठं), ताईचा फोटो, आढीत पेंढ्यावर पिकवलेला, कार्बाइड नाही, नग किती, आंबे काढल्याची तारीख लिहायला कोरी जागा, बागेचा पत्ता, जीआय नोंदणी नंबर, फोन. "फ्रेश फ्रॉम फार्म" गेलं. पानं गेली. लाटांसारखा एक आकार होता तो गेला. मागे वळून बघतो तर टेंप्लेटमधलं एकेक काढत गेलो तसतसं ते आमचं दिसायला लागलं, आणि शेवटी टेंप्लेटमधलं उरलं काय, तर फक्त मजकूर डावीकडे आणि फोटो उजवीकडे ही मांडणी. तारखेची कोरी जागा ही काकूची कल्पना. गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त तीच आवडली, कारण पेटी आल्यावर पहिला प्रश्न असतो, खायला कधी घेऊ? काढल्याची तारीख हाताने लिहिलेली दिसली की माणूस स्वतःच दिवस मोजतो.

पँफ्लेटमधे मी खरी घोडचूक केली. भाव छापला. पाडव्याच्या, म्हणजे ३० मार्चच्या आधी सुरुवातीचा माल, त्यावेळचा डझनाचा भाव, ५०० पँफ्लेटं. एप्रिलमधे आवक वाढली, भाव उतरला, आणि आमची पँफ्लेटं लोकांच्या फ्रीजवर चढा भाव दाखवत चिकटलेली. दोघांनी फोन करून सांगितलं की तुमचा आंबा महाग आहे, कोपऱ्यावर स्वस्त मिळतो. आंब्याचा भाव चार-पाच दिवसांनी बदलतो हे घरात सगळ्यांना माहीत, छापताना मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच. उरलेल्या पँफ्लेटांवर भावाच्या जागी "आजचा भाव विचारा" असे छोटे स्टिकर चिकटवले, दोन संध्याकाळी गेल्या.

व्हॉट्सॲप

विक्री खरी इथे झाली. पँफ्लेटवरून हंगामभरात फार तर पंधरा-वीस फोन आले असतील, बाकी सगळं सोसायटीच्या ग्रुपवरून.

सुरुवातीला मी इथेही पँफ्लेटचीच इमेज टाकायचो. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी, त्यात व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, दोन-तीनदा सेव्ह करून पुन्हा टाकला गेला की फोन नंबरमधला ३ का ८ कळेना. आणि त्यात मी पैसे भरायचा क्यूआर टाकला होता. आधी तर तो रंगसंगतीत बसावा म्हणून केशरी पार्श्वभूमीवर पिवळा केला, स्कॅनच होईना, क्यूआर फिक्यावर गडद हवा आणि भोवती कोरी पट्टी सोडलेली हवी. तो काळा-पांढरा केला. मग बायको म्हणाली, अरे पण ज्या मोबाइलवर हे दिसतंय त्याच मोबाइलने त्याला स्कॅन कसं करायचं? मी गप्प. खरंच की. छापील कागदावर क्यूआर ठीक, व्हॉट्सॲपवर फोन नंबर आणि यूपीआय आयडी खाली साध्या मेसेजमधे टाइप करून द्यायचा, म्हणजे माणसाला कॉपी करता येतो, बोट ठेवून फोन लावता येतो. इमेजमधला नंबर कागदावर उतरवून घेणारा गिऱ्हाईक म्हणजे खूपच चिकाटीचा.

मग साधी पद्धत बसली. १०८० बाय १९२० चं उभं पान स्टेटससाठी आणि १०८० बाय १०८० चौकोनी ग्रुपसाठी, दोन्हीवर ताईचा तोच फोटो, खाली तीनच ओळी: या गाडीला किती डझन, भाव, कधी पोचणार. फाइल ताईबरोबर शेअर केली, ॲप तिच्या मोबाइलवर होतंच, ती गावाहून गाडी निघाली की आकडे बदलून मला पाठवायची. मला पुण्यात बसून काही करावं लागायचं नाही. ३० एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेला मागणी सगळ्यात जास्त होती, त्या आठवड्यात तिने हीच फाइल रोज बदलली. एकदा भाव बदलला आणि तारीख बदलायची राहिली, लोकांना वाटलं जुनाच माल आहे. तेव्हापासून तारीख सगळ्यात वर, मोठी.

एक नोंद. हंगामात सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालेली गोष्ट आमच्या डिझाइनमधली नव्हतीच. ताईने काकांचा वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवताना, देठासकट, आणि काका बडबडतायत की देठ मोडला तर चीक लागून आंबा काळा पडतो. त्यावर लोगो नाही, नंबर नाही, काही नाही. त्या व्हिडिओनंतरच्या दोन दिवसात ३१ डझन गेले. मी त्यावर नंतर लोगो बसवायला निघालो होतो, ताई म्हणाली राहू दे.

मे मधे पाऊस लवकर आला. महिन्याच्या मध्यापासूनच वळवाने झोडपायला सुरुवात केली आणि २५ तारखेला मान्सून तळकोकणात पोचला सुद्धा. शेवटच्या काढणीचा माल भिजला, त्यातला बराच विकण्यासारखा राहिला नाही. आमच्याकडे चाळीसेक डझनाच्या ऑर्डरी घेतलेल्या होत्या. मी "सीझन एंड" असं शोधून टेंप्लेटं बघत बसलो होतो, तोवर ताईने स्टेटस टाकलं, ओल्या अंगणाचा फोटो आणि त्यावर दोन ओळी, "पावस इलो. ह्या वर्साचो आंबो सरलो." खाली मेसेज की ज्यांनी पैसे भरलेत त्यांना आज रात्रीपर्यंत परत मिळतील. मिळालेही. त्यातल्या सहा जणांनी परत न घेता पुढच्या वर्षीसाठी ठेवा म्हणून सांगितलं.

हिशोब केला तर छपाई आणि खोक्यांवरच्या स्टिकरचा मिळून खर्च पाच हजार आठशे झाला, त्यात वाकड्या चौकटीची लेबलं आणि भाववाली पँफ्लेटं धरून. निम्मा माल पुण्यात द्यायचा होता, प्रत्यक्षात एक तृतीयांशाच्या आसपास गेला, बाकी वाशीलाच. पट्टी आल्यावर काका या वेळी एकच दिवस गप्प होते.

जवळपास २०० लेबलं उरली. पुढच्या वर्षी कामाला येतील म्हणून मी नीट बांधून गावी पाठवली आणि मग लक्षात आलं की कोपऱ्यात मीच हौसेने "हंगाम २०२५" छापलंय. जूनमधे गेलो तर काकूने ती घरच्या आंबापोळीच्या डब्यांना लावलेली होती, आणि काढल्याच्या तारखेच्या कोऱ्या जागेत कुठला डबा कुणाकडे द्यायचा त्यांची नावं लिहिली होती.